आजी अंथरुणाला खिळलेली असताना लग्न कसे मांडावे

लग्न ठरते आणि त्याच सुमारास घरातली आजी अंथरूण धरते. अशा वेळी लग्न पुढे ढकलावे, किंवा कार्यालयात उरकून तिला फोटो दाखवावेत, असे दोनच मार्ग सुचवले जातात. तिसरा मार्ग म्हणजे लग्नच तिच्या खोलीच्या दाराशी आणावे आणि बाकीचे सारे त्यावरून ठरवावे.

मुहूर्त काढण्याआधी आठवडाभर तिचा दिवस पाहावा. औषधे घेतल्यावर तिला गुंगी कधी येते आणि ती गप्पा मारण्याइतकी हुशार कधी असते, हे कळले की तीच वेळ गुरुजींना सांगून त्या सुमाराचा मुहूर्त मागावा. काढीव मुहूर्ताला नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना फार उत्तरे देत बसू नये. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात २५ माणसे आणि दोन तास एवढ्याच मर्यादेत लग्ने लागली होती. मोठी यादी छाटताना हा दाखला उपयोगी पडतो.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावे लागते. म्हणून नोटीस लवकर द्यावी. कार्यालयापासून वाजवी अंतरावर घर असल्यास जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्यांना घरी बोलावता येते, ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. तीन साक्षीदार लागतात.

वैदिक विधी असल्यास होम अंगणात किंवा गच्चीवर करावा. आजीला ऑक्सिजन लावलेला असेल, तर तिच्या खोलीत निरांजनसुद्धा लावू नये. तांदळाच्या अक्षता अंथरुणात पडून टोचतात, त्यामुळे तिच्या हाती झेंडूच्या पाकळ्या द्याव्यात. वधूवर उंबऱ्याबाहेर उभे राहणार असतील, तर पलंगाच्या पायथ्याशी आरसा थोडा तिरका लावून आदल्या दिवशी स्वतः उशीवर डोके टेकून पाहावे. मान न वळवता दोघे दिसले पाहिजेत.

खरी कल्पकता अंतरपाटात आणि मंगलाष्टकांत दाखवावी. अंतरपाट म्हणून तिचेच जुने नऊवारी लुगडे धरावे, आणि एक मंगलाष्टक तिच्यासाठी घरीच रचावे. बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात : ओळीत १९ अक्षरे, बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही शेवटची सात अक्षरे तयारच मिळतात, म्हणजे त्या ओळीपुरती बाराच जुळवायची. ‘आजीचे लुगडे जुने पट धरू, कुर्यात् सदा मंगलम्’ अशी एक ओळ बसली, की उरलेल्या तीन ओळी तिच्या आठवणींतून आपोआप सुचू लागतात. गळा बेताचा असलेल्या नातवानेच हे मंगलाष्टक म्हणावे. ध्वनिवर्धकाची गरज नाही.

पंगत तिला झेपेल अशा पदार्थांपासून सुरू करावी. मऊ वरणभात आणि तूप सर्वांच्याच पानात आधी येते, तेव्हा पहिले पान तिच्या पलंगाशी न्यावे आणि तिने पहिला घास घेतल्यावर बाहेर जिलेबी वाढायला घ्यावी.