चोरबाजारात एचएमव्हीची पाटी शोधायला निघण्याआधी

ग्रामोफोनच्या जुन्या जाहिरातींच्या वस्तू, म्हणजे एनॅमलच्या पाट्या, रेकॉर्ड वाजवायच्या पिनांच्या डब्या, कॅटलॉग, रेकॉर्डची कागदी पाकिटं बघायला मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जाणार असाल, तर पिशवीत चांगलं भिंग, टॉर्च, मोजपट्टी आणि वही टाका. त्याहून गरजेचं म्हणजे काही सालं पाठ करून जा. गंजावरून वय ठरवू नका, गंज मुद्दाम चढवता येतो. वय सांगतात ती अक्षरं.

आधी कुत्रा बघा, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एचएमव्ही) या छापावरचा, कर्ण्यासमोर बसलेला निपर. फ्रान्सिस बरॉड यांच्या मूळ चित्रात निपरसमोर सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्यावर तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. त्यामुळे कर्ण्यासमोर बसलेल्या निपरची पाटी कुणी १८९५ची म्हणून पुढे केली, तर सरळ पुढच्या दुकानात जा. ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ हे कंपनीचं नाव १९०० ते १९०७ एवढंच चाललं. ते सापडलं तर नशीबच. त्या काळच्या लेबलांवर कुत्रा नाही, तबकडीवर लिहिणारा देवदूत असतो. ‘व्हिक्टर’ हे नाव असेल तर माल बहुधा अमेरिकेचा, १९०१ किंवा त्यानंतरचा.

आपल्याकडचे कॅटलॉग आणि पाकिटं याहून सोपी. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १९५७ आधीची, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला की १९७२ किंवा पुढचं.

पाटी हातात घ्याच. खऱ्या एनॅमलमध्ये रंगांचे थर वेगवेगळे भाजलेले असतात, म्हणून अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की उंचवटा लागतो, आणि टवका उडालेल्या जागी काच फुटल्यासारखी धार दिसते. खिळ्यांच्या भोकांभोवती झीज हवी. डबीवर भिंग धरा: चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती नवी नक्कल असण्याचीच शक्यता जास्त. पितळी कर्ण्याची चकचकीत यंत्रं, त्यांवर कुत्र्याचा बिल्ला, यांच्यात वेळ घालवू नका. ती शोभेसाठी आजही बनतात.

घेतलेली डबी घरी पाण्याने किंवा पॉलिशने अजिबात घासू नका, छपाई निघून जाते. कोरडं मऊ फडकं पुरे. आतल्या पिना आतच राहू द्या.