मूल व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलंय? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या पालकांच्या एका गटात मी काही वर्षं बसतेय. सोळा-सतराचं पोर उपचार घेऊन घरी आलं की बहुतेक घरांची पोलीस चौकी होते. दप्तर उपसायचं, मोबाइल हिसकायचा, बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की दार ठोठवायचं. भीतीपोटी होतं हे, मीही केलंय. पण त्यातून मूल फक्त लपवायला शिकतं. लघवीची तपासणी हवीच असेल, तर ती कधी करायची आणि काही आढळलं तर पुढे काय, हे समुपदेशकासमोर मुलाशी बोलून ठरवा. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतरही काही आठवडे दिसू शकतो. त्यामुळे नुसती पट्टी बघून ‘खोटारडा’ म्हणू नका.

चिडचिड वाढली, झोप उडाली, म्हणजे पुन्हा सुरू झालं असं नाही. गांजा सुटल्यावरही असं होतं, झोपेला तर जास्तच वेळ लागतो. डॉक्टरांना सांगा, घरातली झोपेची गोळी देऊ नका. आणि बाबांची शनिवारची बिअर फ्रिजमधून आधी काढा.

‘त्या मुलांशी बोलायचं नाही’ एवढं सांगून भागत नाही. कोपरखैरण्याच्या एका मुलाला क्लास सुटला की जुन्या टपरीवरूनच घरी यावं लागायचं. आईने क्लासच बदलून ऐरोलीचा घेतला, आणि वडील रोज स्टेशनवर घ्यायला जाऊ लागले. चालता चालता दोघं क्रिकेटवर बोलायचे. तल्लफ बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. त्या अर्ध्या तासात सोबत कुणीतरी हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘परत घेतलीस तर घरात पाय ठेवू नकोस’ ही धमकी. पाय घसरू शकतो. मग पोर घाबरून एकटंच कुठेतरी बसतं. व्यसन बंद असताना शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून ब्राउन शुगर (हेरॉइनचा प्रकार) किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपची जुनी मात्राही जीव घेऊ शकते. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळे पडले असतील तर 108 लावा, कुशीवर वळवा, सोडून जाऊ नका. काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, अब्रूचा विचार नंतर.

आणि त्याने स्वतःहून कबूल केलं, तर त्या रात्री एवढंच म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस, सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.’ सकाळपर्यंत धीर धरवत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446.