ऑफिसचं खातं बॅटरी का खातं, आणि ते कसं थांबवायचं

ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून गाडी सुटली तेव्हा फोन ९६ टक्के होता. कोपरखैरण्याला उतरून महापेची रिक्षा मिळेपर्यंत ७४. मधल्या वेळात मी ना व्हिडिओ पाहिला, ना कुणाशी बोलले. फोन पर्समध्ये होता, आणि हात घातला तर शेजारच्या जेवणाच्या डब्याइतकाच गरम.

सल्ले मिळाले ते नेहमीचेच. ब्राइटनेस कमी कर. बॅटरी सेव्हर अॅप टाक. वापरून झालं की सगळी अॅप वर ढकलून बंद करत जा. सिंक, म्हणजे मेल आणि कॅलेंडर आपोआप ताजं होणं, बंद ठेव आणि लागेल तेव्हा चालू कर. शेवटचा सल्ला देणाऱ्याला विचारावंसं वाटतं, की मग ऑफिसचा मेल फोनवर घेतला कशाला? अकरा वाजताची मीटिंग साडेदहाला आली हे अकरा वाजता कळायला?

आमच्या छोट्या ऑफिसात कुणाचा फोन अडला की तो माझ्या टेबलावर येतो. इतके फोन हाताळल्यावर माझं मत पक्कं झालंय. मेल फारशी बॅटरी खात नाही. दुसऱ्यांदा टाकलेलं खातं खातं.

का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. घोडबंदर रोडच्या एखाद्या वीस मजली टॉवरची कल्पना करा. गेटवर एक वॉचमन आहे. कुरिअर आलं की तो इंटरकॉमवरून तुम्हाला कळवतो, एरवी तुम्ही घरात निवांत. फोनमध्येही असाच एक वॉचमन असतो. अँड्रॉइडवर तो गूगलचा, आयफोनवर अॅपलचा. सर्व्हरशी एकच जोडणी उघडी असते आणि सगळ्या अॅपचे निरोप तिच्यावरूनच येतात. याला पुश म्हणतात आणि यात बॅटरी फारच कमी जाते. दुसरी पद्धत म्हणजे कुरिअर आलं का बघायला दर पंधरा मिनिटांनी स्वतः लिफ्टनं खाली जायचं. ते फेच. तिसरी तऱ्हा म्हणजे गेटवर वॉचमन असतानाही चार फ्लॅटवाल्यांनी आपापला वेगळा माणूस खाली उभा करायचा. फोनच्या मूळ मेल अॅपमध्ये ऑफिसचं एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरचं, खातं टाकलं की बऱ्याचदा हेच होतं. ते अॅप ऑफिसच्या सर्व्हरशी स्वतःची वेगळी जोडणी धरून बसतं.

आणखी एक गोष्ट. मोबाइलचा रेडिओ एकदा जागा झाला की काम झाल्या झाल्या झोपत नाही, पुढचे काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे वीस मेल एकदम आले तर खर्च थोडा, पण वीस वेळा एकेक चौकशी केली तर खर्च मोठा, मग एकही मेल आला नाही तरी.

१. खरंच मेलच आहे का, ते बघा

सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडा आणि अॅपनिहाय यादी बघा. मेल किंवा कॅलेंडर स्क्रीनवर पाच मिनिटं आणि मागे पाच तास असं दिसलं तर चोर सापडला. यादीत वर दुसरंच काही असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

२. एक खातं, एकच दार

इथे घाई करू नका. मी केली होती, आणि फोनमधले सव्वाशे नंबर एका बोटानं उडवले होते.

आधी खातं कुठेकुठे आहे ते शोधा. सेटिंग्जमधलं अकाउंट्स उघडा, मग आउटलुक उघडा, जीमेल उघडा, फोनबरोबर आलेलं मेल अॅप उघडा. प्रत्येक ठिकाणी ऑफिसचा पत्ता दिसतो का ते कागदावर लिहा. बहुतेकांच्या फोनचा इतिहास सारखाच असतो. रुजू झाल्याच्या दिवशी कुणीतरी मूळ मेल अॅपमध्ये खातं टाकून दिलं. वर्षभरानं ऑफिसनं आउटलुक घ्यायला लावलं. मधे एकदा कुणी सांगितलं, की जीमेलमध्येच सगळं एकत्र येतं, म्हणून तिथेही. तिन्ही दारं उघडी. प्रत्येक मेल तीनदा उतरतो आणि प्रत्येक मीटिंगची घंटा तीनदा वाजते. लोकांना घंटेचा वैताग येतो, पण बॅटरीशी तिचा संबंध कुणी जोडत नाही.

कुठलं दार ठेवायचं? ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टवर असेल तर आउटलुक. गूगलवर असेल तर जीमेल आणि गूगल कॅलेंडर. ही अॅप गेटवरचा वॉचमन वापरतात, म्हणून. आयफोनचं मूळ मेल अॅपही एक्सचेंजचं खातं पुशनं व्यवस्थित चालवतं. तेच आवडत असेल तर खुशाल ठेवा आणि आउटलुकमधून बाहेर पडा. दोन्ही मात्र नकोत. ‘असू दे, कधी लागलं तर’ असं म्हणून ठेवलेलं दुसरं खातं म्हणजेच हा आजार.

आता खातं काढण्याआधी. तुमचे कॉन्टॅक्ट्स कुठे साठतात ते तपासलंय का? नवीन नंबर सेव्ह करताना फोन एक खातं धरतो, आणि ते कोणतं हे आपण क्वचित बघतो. माझ्या फोननं वर्षभर ऑफिसचं खातं धरलं होतं. मी मूळ मेल अॅपमधून ते खातं काढलं आणि प्लंबर, मुलाच्या शाळेच्या व्हॅनवाले काका, गॅस एजन्सी, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे एका क्षणात गायब. नंबर सर्व्हरवर शाबूत होते म्हणून निभावलं. खातं पुन्हा टाकलं, नंबर परत आले. पण नोकरी सोडल्यानंतर हे झालं असतं तर ते कायमचे गेले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. कॉन्टॅक्ट्स अॅपमध्ये जाऊन ऑफिसच्या खात्यातले नंबर फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. ती फाइल तुमच्या खासगी खात्यात इम्पोर्ट करा. नवीन नंबर यापुढे खासगी खात्यातच जातील अशी सेटिंग करा. आयफोनवर ती कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट अकाउंट म्हणून असते. दोन-चार नंबर उघडून खात्री करा. मग ऑफिसच्या संगणकावर कॅलेंडर उघडून पुढच्या आठवड्याच्या मीटिंग तिथे आहेत ना ते बघा. आणि मगच खातं काढा.

खातं टाकतानाची एक गोष्ट इथेच सांगते. मूळ मेल अॅपमध्ये ऑफिसचं खातं जोडताना फोन कधीकधी डिव्हाइस अॅडमिनची, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याची, परवानगी मागतो, आणि त्या यादीत ‘सगळा डेटा पुसणे’ असतं. ते वाचा. हो म्हणालात तर फोन हरवल्याचं कळवल्यावर ऑफिस तुमचा अख्खा फोन पुसू शकतं, मुलाच्या बारशाच्या फोटोंसकट. मी स्वतःच्या फोनवर ही परवानगी देत नाही.

आता खणातला फोन. ही गोष्ट मला समजायला सर्वात जास्त वेळ लागला. आमच्याकडे ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. एकदा बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं खातं रोज सकाळी लॉक. लॅपटॉपवर नवा पासवर्ड, फोनवर नवा पासवर्ड, तरी लॉक. आठवडाभरानं छडा लागला. घरी टीव्हीखालच्या खणात माझा जुना फोन होता, मुलगा त्यावर गेम खेळायचा. त्यात ऑफिसचं खातं तसंच होतं आणि ते दिवसभर जुन्या पासवर्डनं दार ठोठावत होतं. ‘याची बॅटरी का टिकत नाही?’ असं मुलगा महिनाभर विचारत होता. जुना समजून मी दुर्लक्ष केलं. तेव्हा जुने फोन, टॅबलेट, घड्याळ सगळं तपासा. तुमच्या हातातल्या फोनवरही एखादं दार जुना पासवर्ड घेऊन असंच अडून बसलेलं असू शकतं. फोन गरम होण्याचं ते ठरलेलं कारण. माझ्या पर्समधल्या गरम फोनचंही तेच निघालं.

३. आउटबॉक्स

पाठवायचे राहिलेले मेल इथे थांबतात. तो रिकामा आहे का ते बघा. कोटेशनची मोठी पीडीएफ तिथे अडकली असेल तर फोन ती पुन्हा पुन्हा पाठवायला बघतो. प्रत्येक मेल सेवेची फाइलच्या आकाराला मर्यादा असते, आणि मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे मर्यादेपेक्षा थोडी लहान फाइलही काही ठिकाणी अडकू शकते. ती काढा आणि लिंक पाठवा.

४. पुश की फेच

वरच्या मोठ्या अॅपमध्ये पुश आपोआप असतो, काही करायचं नाही. प्रश्न येतो छोट्या कंपन्यांचा. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत अशा कितीतरी आहेत, ज्यांचा मेल वेबसाइटच्या होस्टिंगबरोबरच घेतलेला असतो. आयफोनच्या मेल अॅपमध्ये अशा आयमॅप (सर्व्हरवरचा मेल वाचायची जुनी, सर्वसाधारण पद्धत) खात्याला सहसा पुश मिळत नाही, फेच करावं लागतं. मेलच्या सेटिंगमध्ये फेच न्यू डेटा शोधा आणि तीस मिनिटं किंवा तासाभराचं अंतर ठेवा. पंधरा मिनिटांची गरज असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. खरोखर तातडीचं असेल तर लोक फोन करतात. तिथला ऑटोमॅटिकली हा पर्याय नावावर जाऊन निवडू नका. त्यात फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच मागच्या मागे मेल आणतो. मग दिवसभर मेल आला नाही म्हणून तक्रार करत माझ्याकडे येऊ नका.

किती दिवसांचे मेल फोनवर ठेवायचे? एक महिना पुरे. सगळे ठेवून तुम्ही लोकलमध्ये २०१९ चं पत्र शोधणार आहात का?

५. बॅटरीची परवानगी

अँड्रॉइडवर मेल अॅपला ऑप्टिमाइझ्ड ठेवा, म्हणजे फोन ठेवतो तसंच. अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे बॅटरीचं बंधनच नको, असं करा असं जो तो सांगतो. ते फक्त मीटिंगची घंटा उशिरा वाजत असेल तरच करा, तेही त्या एकाच अॅपला. काही कंपन्यांचे फोन मागची अॅप जास्तच कडकपणे मारतात. तिथे ऑटोस्टार्टची, म्हणजे आपोआप सुरू होण्याची, परवानगी द्यावी लागते.

बॅटरी सेव्हर अॅप असेल तर काढून टाका. पडून असलेल्या फोनमधल्या अॅपना झोपवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून आहे. अॅप मारायचं, ते पुन्हा उठणार, पुन्हा मारायचं. भाजीचा गॅस दर मिनिटाला बंद-चालू करून सिलिंडर वाचत नाही.

६. कॅलेंडर

आउटलुकच्या अँड्रॉइड अॅपमध्ये सिंक कॅलेंडर्स असं एक बटण आहे. ते चालू केलं की मीटिंग फोनच्या कॅलेंडरमध्येही उतरतात. दोन्ही ठिकाणी बघायची गरज नसेल तर बंद ठेवा. आयफोनवर कधीतरी जोडलेली क्रिकेटच्या सामन्यांची किंवा दुसऱ्या देशांच्या सुट्ट्यांची कॅलेंडरं काढून टाका.

दर सोमवारच्या मीटिंगची वेळ फक्त एका सोमवारसाठी बदलायची असेल तर ती संगणकावरून बदला. हा माझा हट्ट आहे, पण त्याला आधार आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत आयफोनला ६.१.२ हे अपडेट आलं ते एक्सचेंज कॅलेंडरमधल्या दोषासाठीच. त्या दोषामुळे नेटवर्कची ये-जा वाढून बॅटरी उतरायची. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला, पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या मीटिंगमधला अपवाद ही नाजूक जागा आहे हे मी तेव्हापासून धरून चालते.

७. नेटवर्क

डोंबिवलीहून फास्टनं येणारे सहकारी म्हणायचे, ठाण्याला पोचेपर्यंत बोगद्यात बॅटरी उतरते. २०२२ पर्यंत फास्ट लोकल वाटेतल्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. रेंज कमी झाली की फोन जास्त जोर लावतो, हे खरं. पण बोगदा मिनिट-दोन मिनिटांत संपायचा. ऑफिसच्या तळघरातली आठ तासांची एक काडी रेंज मात्र बॅटरी संपवते. तिथे बसत असाल तर वाय-फायला जोडून घ्या.

८. संध्याकाळ

ऑफिसनं अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या अॅपचा वेगळा कप्पा, दिलं असेल तर ते वरच्या पट्टीतून एका बटणानं थांबवता येतं. ऑफिसची अॅप सकाळपर्यंत चालतच नाहीत. मी परतीच्या गाडीत दिघा गाव स्टेशन गेलं की ते बंद करते.

दोन दिवसांनी बॅटरीची यादी पुन्हा बघा. मेल खाली गेला आणि बॅटरी तरीही दुपारीच संपत असेल तर बॅटरीच म्हातारी झाली. आमच्या अकाउंट्समधले काका महिनाभर माझ्या मागे होते. ‘ताई, हे मेलमुळेच होतंय.’ त्यांच्या आयफोनची बॅटरी हेल्थ बघितली, तर ७१ टक्के. आयफोन १४ आणि आधीच्या फोनच्या बॅटऱ्या ५०० चार्जिंग फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा हिशेबानं बनवलेल्या असतात. ‘काका, बॅटरी बदला,’ म्हटलं. बदलायला देताना बॅकअप घ्या, आणि ‘मेल पण सेट करून देऊ का?’ असं दुकानदारानं विचारलं तर नको म्हणा.