हॉस्पिटल शिपची तयारी: आधी स्ट्रेचर वळवून बघा

हॉस्पिटल शिपसाठी, म्हणजे तरंगत्या रुग्णालयासाठी, नवं जहाज बांधायचं की जुनं बदलून घ्यायचं, हे बहुतेक वेळा पैसाच ठरवतो आणि वाट्याला जुनं येतं. त्यात कमीपणा नाही. अमेरिकेची ‘मर्सी’ आणि ‘कम्फर्ट’ ही मुळात तेलवाहू जहाजं, ‘आफ्रिका मर्सी’ ही डेन्मार्कची रेल्वे वाहून नेणारी फेरी. 2004 च्या त्सुनामीनंतर आपल्या नौदलानं समुद्र सर्वेक्षणाच्या ‘निरूपक’ जहाजावर रुग्णालय थाटून ते इंडोनेशियाला धाडलं. तेव्हा जुनं खुशाल घ्या. पण तळाचा पत्रा, गंज, इंजिन तपासायला चढाल तेव्हा सोबत एक स्ट्रेचर घेऊन चढा. त्यावर माणूस झोपवा आणि दारापासून ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, जागेपर्यंत नेऊन बघा. पहिल्याच दिवशी.

मागच्या वेळी मी हे केलं नाही. जुनी प्रवासी बोट होती, तीस खाटांचं रुग्णालय करायचं होतं, आतली मांडणी माझ्याकडे. ऑक्सिजन, जनरेटर, खाटा, सगळ्यापुढे खुणा झाल्या. चाचणीच्या दिवशी आमच्यातलाच एक वेल्डर स्ट्रेचरवर झोपला, चौघांनी उचललं आणि पहिल्याच काटकोनात अडकलं. पुढचे दोघे वळले, मागच्यांना जागाच नाही. शेवटी स्ट्रेचर कुशीवर कलतं केलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला. तो धडधाकट होता. मांडी मोडलेल्या बाईनं काय धरलं असतं? तयार झालेली भिंत कापली, तारा-पाइप पुन्हा ओढले, आणि पाऊस आमची वाट बघत थांबला नाही.

हिशोब साधा आहे, मी तो केला नव्हता. दांड्यांसकट स्ट्रेचर सुमारे 2.1 मीटर लांब, 60 सेंमी रुंद. 90 सेंमीच्या बोळात ते काटकोनात वळूच शकत नाही. 1.2 मीटरमध्ये कागदावर जेमतेम वळतं, पण कागदावर उचलणाऱ्यांची कोपरं नसतात आणि सलाइनची बाटली धरणारी नर्स नसते. दीड मीटर ठेवा. त्यासाठी दोन खाटा कमी झाल्या तर होऊ द्या. जलरोधक दारांचे उंच उंबरठेही मोजा, ट्रॉलीचं चाक तिथेच अडतं. आणि भिंती बघा. ‘मर्सी’, ‘कम्फर्ट’ या 272 मीटर लांब, हजार-हजार खाटांच्या, बारा ओटींच्या जहाजांत तेलाच्या टाक्यांमधल्या भिंती तशाच राहिल्या. खालच्या एका भागातून शेजारच्या भागात जायला रुग्ण आधी वर न्यायचा, मग पुन्हा खाली. एवढ्या मोठ्यांना हा अडथळा चुकला नाही, तर लहान बोटीला कसा चुकेल?

म्हणून नकाशावर लाल पेन्सिलनं एक रेघ ओढा: होडीतून जहाजावर, मग तपासणी, एक्स-रे, ओटी, वॉर्ड आणि परत होडीत. ही रेघ तुटते तिथे काम थांबवा.

रेघेचं पहिलं टोक सगळ्यात अवघड. बोट लागायला धक्का असेल असं धरून चालू नका, कारण आपत्तीत आधी धक्काच जातो. त्सुनामीनंतर, 2005 मध्ये, इंडोनेशियातल्या बांदा आचेला ‘मर्सी’ किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून होती आणि रुग्ण हेलिकॉप्टरनं आणावे लागले. 2021 मध्ये हाती आलेलं ‘ग्लोबल मर्सी’ रुग्णालय म्हणूनच बांधलेलं आहे, पण ते धक्क्याला लागून महिनोन्‌महिने ठरलेल्या शस्त्रक्रिया करतं. ते बघून आपल्या बोटीला नुसती शिडी लावाल तर फसाल. लाटेवर होडी वर-खाली होत असते, तिथून आडवा माणूस शिडीनं चढत नाही. पाण्यालगत जहाजाच्या कुशीत रुंद दार आणि बाहेर तरंगता फलाट हवा, नाहीतर स्ट्रेचर आडवंच उचलणारी क्रेन. आणि ते लाटांत करून बघा, गोदीतल्या संथ पाण्यात नाही.

ओटी मध्यभागी आणि खाली घ्या, तिथे हेलकावा कमी. टेबल, कपाटं, खण जखडून टाका. जहाजावर वीज बहुधा 60 हर्ट्झची असते आणि आपली यंत्रं 50 ची. एक्स-रे मशीन घेण्याआधी विचारा, नंतर नाही. सात घनमीटरचा ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला दहा लिटरनं बारा तासही पुरत नाही, त्यामुळे हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लँट हवाच. पाणी गोडं करणारं यंत्र पुराच्या गढूळ पाण्यात लगेच तुंबतं, तेव्हा जास्तीचे फिल्टर आणि भरलेल्या टाक्या घेऊनच निघा. निर्जंतुकीकरण थांबलं की ओटीही थांबते. औषधं डॉक्टर सांगतील, ते विसरत नाहीत.

वरच्या-खालच्या बर्थ टाकून खाटांचा आकडा फुगवू नका. वरच्या बर्थवर फक्त स्वतः चढणारा रुग्ण जातो.

नातेवाईक येणारच. एका रुग्णामागे एक माणूस धरून जेवण, संडास, झोपायची जागा मोजा. प्रत्येकाच्या मनगटाला नाव-गाव बांधा, कारण ताटातूट होडीतच होते. त्यांचं सामान बोळात नको. बोळ स्ट्रेचरचा आहे.

युद्धाची शक्यता असेल तर 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे बाहेरून सगळं पांढरं, कुशींवर आणि वरही मोठे गडद लाल क्रॉस. जहाजाचं वर्णन दहा दिवस आधी कळवायचं. सांकेतिक संदेश चालत नाहीत.

कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या, शवागार, दुभाषी, सर्व्हे, विमा, आगीची कवायत हे सगळं ठरलेल्या वाटेनं होतं, करून टाका. रुग्ण बरा झाल्यावर त्याला कुठल्या किनाऱ्यावर सोडायचं आणि तिथे पट्टी कोण बदलणार, हे निघण्याआधी लिहून घ्या.

आणि निघायच्या आदल्या रात्री दिवे घालवून, जनरेटर बंद करून, स्ट्रेचर पुन्हा एकदा न्या. माणूस झोपवून.