वाळवंटात छत उघडं: दुबईला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

दिवाळीत कोल्हापूरला आले की दुबईला निघालेली दोन-चार पोरं-पोरी हमखास भेटायला येतात. नोकरी, भाडं, डबा हे सगळं विचारून झालं की एखादं हळूच विचारतं, "ताई, तिकडं ती छत उघडायची गाडी घेतली तर?" मागून घरातलं कुणीतरी बोलतंच, "एवढ्या उन्हात उघडी गाडी? खुळं लागलंय काय?"

मी राजारामपुरीची. कैक वर्षं दुबईत आहे आणि माझ्याकडं तशीच दोन सीटची गाडी आहे. घरच्यांना माझं सांगणं असं, की उघड्या गाडीचा खरा वैरी पाऊस. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तिचं छत उघडणार कधी? गगनबावड्याच्या बाजूला तर नावच नको. पावसाळा संपला की उसाचे ट्रॅक्टर सुरू, म्हणजे पुढच्या ट्रॉलीचं पाचट थेट मांडीवर. दुबईत वर्षाकाठी पावसाचे दिवस बोटावर मोजण्याइतके. रस्ते गुळगुळीत, आणि नोव्हेंबर ते मार्च अशी हवा, की महाबळेश्वरची आठवण येणार नाही. ही गाडी वाळवंटातच खऱ्या अर्थानं वापरता येते. फक्त छत कोणत्या वेळेला आणि कोणत्या दिशेला उघडायचं, हे शिकावं लागतं.

आधी अंगाचं गणित समजून घ्या. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याच्या खाली असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४३-४४ वर गेली की तोच वारा उष्णता आणून ओततो. तेव्हा गाडी जितकी पळवाल तितकं गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर बसल्यासारखं होतं. त्यात कोरडी हवा घाम लगेच उडवून लावते, म्हणून घाम आलाच नाही असं वाटतं. शरीरातलं पाणी मात्र जातच असतं. डोकं ठणकायला लागलं, चीडचीड व्हायला लागली, की समजायचं उशीर झालाय. गाडी सावलीत घ्या, छत बंद करा, ए.सी. लावा आणि घोट घोट पाणी प्या. बोलणं अडखळायला लागलं किंवा शुद्ध हरपते आहे असं वाटलं तर वाट बघू नका, रुग्णवाहिकेला ९९८ लावा.

तिथलं सरकारसुद्धा १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी घालतं. ज्या वेळेला बांधकामावरच्या माणसाला सावलीत बसवतात, त्या वेळेला हौसेनं उन्हात फिरायचं काही कारण नाही.

आता दुसरी गोष्ट, जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. दुबईचा उन्हाळा एक नाही, दोन आहेत. समुद्राकाठचा ओला आणि आतल्या वाळवंटातला कोरडा. ऑगस्टमध्ये रात्री दहा वाजता समुद्राकाठच्या जुमेराला छत उघडलंत तर तापमान कमी दिसेल, पण हवेत इतका ओलावा असतो की घाम सुकतच नाही, अंग चिकट होऊन जातं. ए.सी.तून बाहेर पाऊल टाकताक्षणी चष्म्यावर धुकं जमतं, पुसलं तरी पुन्हा जमतं. त्याच रात्री समुद्राकडं पाठ करून अल कुद्राच्या रस्त्याला लागा. शहराचे दिवे मागं पडतात, आणि वाटेत कुठंतरी चष्मा आपोआप स्वच्छ होतो. हातावरचा चिकटपणा जातो. तिथून पुढं वारा लागतो तो खरा वारा. सगळ्याच रात्री असं होत नाही, दमट हवा कधी कधी आतपर्यंत घुसते. पण जूनमध्ये, दमटपणा वाढायच्या आधी, अशा पुष्कळ रात्री मिळतात. म्हणून उन्हाळ्यात काठानं हिंडू नका, आत जा किंवा वर जा. आणि पहाट धरा. जूनमध्ये साडेपाचच्या आसपास उजाडतं, त्याआधीचा तास सगळ्यात चांगला.

हिवाळ्यात सगळं सोपं. डिसेंबरमध्ये सूर्य सातला उगवतो आणि साडेपाचला मावळतो, मधली दुपारसुद्धा छत उघडून घालवता येते. फक्त ऊन कोवळं वाटतं म्हणून फसू नका. वाऱ्यात चटका कळत नाही आणि संध्याकाळी नाक-कान सोललेले असतात. निघायच्या आधी सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. कानाची पाळी आणि मानेची मागची बाजू विसरू नका. टोपी उडते, हनुवटीखाली बांधायची दोरी असेल तरच घ्या. केस लांब असतील तर घट्ट वेणी आणि वर सुती ओढणी, तीही गाठ मारून मानेशी आवळलेली, टोकं मोकळी सोडायची नाहीत. अशा दोन जुन्या, धुऊन मऊ झालेल्या ओढण्या कोल्हापुरातूनच घेऊन जा. तिकडं मॉलमध्ये मिळतात त्या सिल्कच्या आणि सारख्या सुटणाऱ्या. बॅगेत दोन-तीन पंचेही टाका, तापलेल्या सीटवर अंथरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि आपली कापशी चप्पल घालून गाडी चालवू नका. करकर कितीही आवडत असली तरी ती टाचेला मोकळी असते, पेडलवरून सटकते. ती गाडीत ठेवा आणि उतरल्यावर घाला. चालवताना पातळ तळव्याचे बूट.

गाडी कोणती, हा प्रश्न येतोच. माझी माझदा एमएक्स-५ आहे आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तीच सुचवते. १९८९ पासून ही गाडी निघते आहे, वजन टनाच्या आसपास, कापडी छत बसल्या जागेवरून एका हातानं मागं टाकता येतं. ताकदवान मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी मस्टँग, भाड्यानं सगळीकडं मिळते. आधी हिवाळ्यातला एखादा शनिवार-रविवार भाड्यानं घेऊन बघा, मग ठरवा. जुनी एमएक्स-५ बघत असाल तर पहिल्या पिढीची टाळा, तिची मागची काच प्लास्टिकची असते आणि उन्हात तडकते. १९९८ नंतरच्या पिढीला खरी काच आली.

जुनी गाडी घेताना 'जीसीसी स्पेक' आहे ना, हे पक्कं विचारा. म्हणजे ती मुळात आखातासाठी बनलेली, तिथल्या उकाड्याचा विचार करून रेडिएटर आणि ए.सी. बसवलेली. अमेरिकेतून आलेल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच अपघातात सापडून दुरुस्त झालेल्या असतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांवरचा टायर तिथं पासिंगला चालत नाही, आणि चालू नयेच. उन्हानं रबर आतून वाळतं, बाहेरून नक्षी नवी दिसते आणि हायवेवर फुटतो. दरवर्षी गाडी तपासून मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, नवी करून घ्यावी लागते, तेव्हा टायर बघतातच.

छताकडं मात्र मनापासून लक्ष द्या. शमाल सुटला, म्हणजे वायव्येकडचा तो धुळीचा वारा, की पिठासारखी वाळू कापडाच्या विणीत आणि घड्यांत जाऊन बसते. तशा अवस्थेत छत दुमडलं की ती वाळू घडीवर घासते. आधी मऊ ब्रशनं झटका, मग दुमडा. प्रेशरच्या पाण्यानं छत धुऊ देऊ नका. धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय मागं टाकू नका, बुरशी धरते. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, तेव्हाही हाच नियम. खिडक्यांच्या रबराला अधूनमधून सिलिकॉनचं वंगण लावा.

आणि पाणी वाहून जायची भोकं! सीटच्या मागं दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबापाशी, छतावरचं पाणी खाली सोडणारी नळी असते. टॉर्च मारून आत बघितलं की तळाशी वाळूचा थर, त्यात केस, एखादं वाळलेलं पान, सगळं दवानं ओलं होऊन लगद्यासारखं घट्ट बसलेलं दिसतं. मऊ तार किंवा जाडसर नायलॉनची दोरी हलक्या हातानं फिरवायची, मग कपभर पाणी ओतून ते गाडीखाली टपकतंय का ते बघायचं. वर्षभर हे कुणालाच आठवत नाही, कारण पाऊसच नसतो. आणि मग १६ एप्रिल २०२४ सारखा दिवस येतो. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात जास्त. नळी तुंबलेली असेल तर असलं पाणी सरळ सीटखाली उतरतं, जिथं वायरिंग असतं. ऑक्टोबर संपायच्या आत नळ्या साफ करा.

पावसाच्या दिवशी डोंगरातल्या वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, गाडी घालायची नाही. आपल्याकडं पंचगंगेला पूर येतो तो दोन-तीन दिवस आधी सांगून येतो, तिथं पाणी क्षणात येतं. वाहत्या वाडीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ ब्लॅक पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, आणि गाडी ६० दिवस जप्त.

लायसन्सचं थोडक्यात. रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स लागतं. भारतातलं दाखवून सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. व्हिजिट व्हिसावर असाल तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, भाड्याची गाडी घ्यायला तो लागतो. स्टिअरिंग डावीकडं, गाडी रस्त्याच्या उजवीकडून. पहिले काही दिवस वळताना हे स्वतःशी मोठ्यानं म्हणा.

उघड्या गाडीला काही नियम जास्तच लागू होतात. गाडीतून कचरा बाहेर पडला तर १,००० दिरहम आणि सहा ब्लॅक पॉइंट. छत उघडं असताना टिश्यू, पावती, पिशवी आपोआप उडते, म्हणून सगळं डिकीत किंवा खणात. फोटोसाठी चालत्या गाडीत सीटवर उभं राहायचं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, ती बघत आपण लहानाचे मोठे झालो, तसं मिरवावंसं वाटणं मला समजतं. पण शेख झायेद रोडवर हे केलं तर गाडी जप्त होऊ शकते. दुबईत रडार लिहिलेल्या वेगाच्या वर ताशी २० किलोमीटरपर्यंत सूट देतं, अबुधाबीत २०१८ पासून ती सूट नाही. हद्द ओलांडली की पाय हलका करा. आणि घरात लेकरं असतील तर नीट विचार करा. दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही, आणि दोन सीटच्या गाडीत मागची सीटच नसते. ज्यांच्याकडं एकच गाडी असणार आहे त्या कुटुंबाला मी ही गाडी घ्या म्हणणार नाही.

वाटांबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही. घाटाची हौस असेल तर अल ऐनचा जबल हफीत. ११.७ किलोमीटरचा रस्ता, ६० वळणं, माथा पन्हाळ्याहून उंच. चढायला दोन लेन, उतरायला एक. झाड औषधालाही नाही, नुसता उघडा खडक, आणि वर पोचलं की खाली दिव्यांचं शहर. दुसरा रास अल खैमाचा जबल जैस, देशातली सगळ्यात उंच जागा याच डोंगरावर. वर हवा पायथ्यापेक्षा दहा-एक अंशांनी थंड असते. जुलैमध्येसुद्धा तिथं संध्याकाळी छत उघडता येतं, हे स्वतः बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. रात्री वाळवंटातल्या रस्त्यांवर उंटांचं भान ठेवा. एमिरेट्स रोडवर खडीच्या ट्रकमागं राहू नका, खडा उडून काचेवरून आत येतो.

पहिली सफर मात्र खोर फक्कानची करा, डिसेंबर किंवा जानेवारीत. शारजाहून जाणारा रस्ता २०१९ मध्ये सुरू झाला, ८९ किलोमीटर, हजर डोंगर फोडून काढलेले बोगदे. आदल्या रात्री हवामान बघा, कारण या महिन्यांत पहाटे दाट धुकं पडतं आणि ते असेल तर जायचंच नाही. पेट्रोल आधी भरून ठेवा. पहाटे सहाच्या आत सालिकची, म्हणजे दुबईच्या टोलची, कमान ओलांडली तर टोल लागत नाही. काचा वर, मागची वारा अडवणारी जाळी लावलेली, हीटर पायांवर, डोक्याला ओढणी. बोगद्यात शिरताना गॉगल काढा. उजाडताना सूर्य बरोबर समोरून येतो, म्हणून आधीच्या टप्प्यात वेळ काढू नका, डोंगर सुरू होईपर्यंत पोचा. तिथं सावली असते. खाली समुद्र दिसायला लागला की किनाऱ्यावर चहा घ्या, न्याहारी करा. परत दहाच्या आत निघा, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. दुपारनंतर निघालात तर ते परत तोंडावर येईल, तेव्हा छत बंद करून या.