गुडघेदुखी आणि मोडलेलं हाड: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

साठीच्या आसपासच्या बाईच्या गुडघ्याचा एक्सरे काढला की ठरलेलं ऐकायला मिळतं, ग्रीस संपलंय, गॅप कमी झालीय. मग ती बाई जिना बंद करते, मंडईत जाणं बंद करते, भिशीलासुद्धा "तुम्हीच या गं माझ्याकडे" म्हणते, कारण काय तर उरलंसुरलं झिजायला नको. काही महिन्यांत मांड्या बारीक होतात, वजन वाढतं, दुखणं आधीपेक्षा जास्त, आणि एक दिवस बाथरूममध्ये पाय सरकून मनगट मोडतं. घरातले म्हणतात काय नशीब बघा, आधीच गुडघे आणि त्यात हे. नशीब कसलं, एकातून दुसरं आलेलं असतं, आणि मधे थांबवायला चिक्कार जागा होत्या.

आमच्या घरात गुडघे, खांदे, मनगट असं सगळंच होऊन गेलंय त्यामुळे फिजिओथेरपीच्या बाकड्यावर बसून जे दिसतं ते लिहितेय. डॉक्टर मी नाही, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

झिजेल म्हणून बसून राहणं

सगळ्यात मोठी चूक हीच. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिचं पोषण सांध्यातल्या पातळ द्रवातून होतं आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो सांध्यावर भार पडल्यावर आणि सुटल्यावर, म्हणजे चाललं तरच. बसून राहिलं की कूर्चा वाचत नाही, उलट मांडीचे पुढचे स्नायू विरघळतात आणि मग प्रत्येक पावलाचा दणका थेट सांध्यावर बसतो. एक्सरे किती खराब दिसतो आणि दुखतं किती याचा तसाही पक्का मेळ नसतो, चौथ्या ग्रेडचे, म्हणजे एक्सरेत सगळ्यात जास्त झिजलेले गुडघे घेऊन रोज बागेत चालणारे आजोबा असतात आणि दुसऱ्या ग्रेडला रडणारी चाळिशीची माणसंही असतात. तो रिपोर्ट रोज काढून बघत बसू नका.

व्यायाम साधे असतात म्हणून लोकांना ते औषध वाटतच नाहीत. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमत नसेल तर आधी उंच खुर्ची घ्या. इथे बहुतेक जण आठवडाभर करतात, थोडं दुखलं की सोडून देतात. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशीही तेवढंच दुखत असेल किंवा सूज आली असेल तर संख्या कमी करा, पूर्ण बंद नका करू. फरक पडायला दीड-दोन महिने जातात आणि तेवढा धीर आपल्याकडे फक्त मालिशवाल्याला मिळतो.

दोन गोष्टी याच्यातच सांगून टाकते. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर मोडा, बरं वाटतं खरं पण हळूहळू गुडघा वाकलेलाच राहायला लागतो आणि मग सरळ होत नाही. आणि नी कॅप बाहेर जाताना घाला, चोवीस तास चढवून बसू नका.

डिंकाचे लाडू

लाडवांवर माझा राग नाही. पण डिंक खाल्ला म्हणजे तो जाऊन गुडघ्यात वंगण होऊन बसत नाही, तो पोटात जातो आणि त्याच्याबरोबरचं तूप, गूळ, खोबरं कमरेवर बसतं. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, असं मोजून काढलेलं आहे. म्हणजे पाच किलो उतरले तर वीस किलोचं ओझं, तेही प्रत्येक पावलाला. कुठल्याच कॅप्सूलला हे जमत नाही. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनचंच घ्या, महिन्याला एवढे पैसे घालतात लोक, २००६ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत ग्लुकोसामाइन आणि औषध नसलेली खोटी गोळी यांच्यात एकूण रुग्णांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही, २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये तर घेऊ नका असंच सांगितलंय. त्या पैशात नाचणी, दूध, अंडी येतात. कॅल्शियमच हवं असेल तर नाचणीत ते १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं.

सगळ्या सांध्यांना "वात" म्हणणं

सांधा दुखला की वात, आणि वात म्हटलं की दही बंद, केळं बंद, बटाटा बंद, वांगं बंद. पुढे कुणीतरी युरिक ऍसिड तपासायला सांगतं, ते जरासं वाढलेलं निघतं, की डाळी पण बंद. बिचारी बाई भात-भाजीवर येते आणि उरलेसुरले स्नायू पण जातात. युरिक ऍसिडचा त्रास बहुधा एकदम उठतो, पायाचा अंगठा रात्रीत लाल, गरम, चादरही टेकू देत नाही इतका. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं तसं नसतं, ते चालल्यावर वाढतं, बसल्यावर कमी होतं.

आखडणं किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून बघा. झिजेच्या दुखण्यात सकाळची ताठरता अर्ध्या तासाच्या आत सुटते. तासाभराच्या वर टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजत असतील, चहाचा कप धरवत नसेल तर तो आमवात असू शकतो आणि त्याला वेगळं औषध लागतं, तेही लवकर, नाहीतर सांधे वाकडे होतात. त्यासाठी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेवाताचे डॉक्टर गाठा. त्यांनी मेथोट्रेक्सेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, म्हणून त्या पाकिटावर पेनने मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा. चिकनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे धरतात तेही वेगळंच, डॉक्टरांना ताप येऊन गेला होता हे आठवणीने सांगायचं. आणि एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर उद्यावर ढकलू नका, आतमध्ये पू असू शकतो.

मेडिकलवाल्याची गोळी आणि भोंदूची पुडी

पेनकिलर दोन-चार दिवस घेणं वेगळं आणि मेडिकलमधून "ती नेहमीची द्या" म्हणत वर्षभर खाणं वेगळं. डायक्लोफिनॅक, ऍसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी जठराला जखम होते, बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. लोकांना वाटतं सकाळी उपाशीपोटी ऍसिडिटीची पॅन्टॉप घेतली की झालं, पण ती फक्त पोटाला सांभाळते, किडनीला तिचा काही उपयोग नाही. बीपीच्या गोळ्या, त्यात लघवी जास्त करणारी गोळी, वर पेनकिलर आणि उन्हाळ्यात कमी पाणी, असं एकत्र आलं की किडनी बसायला वेळ लागत नाही. शौचाला काळं डांबरासारखं व्हायला लागलं तर गोळी बंद करून लगेच दाखवा. ऍसिक्लोफिनॅकबरोबर पॅरासिटामॉल एकाच गोळीत असतं बऱ्याचदा, त्याच्यावर तापाची म्हणून परत पॅरासिटामॉल घेतलं की डबल डोस होतो, तेव्हा पाकिटाच्या मागचं वाचा. गुडघ्यासाठी आधी डायक्लोफिनॅकचं जेल वापरून बघायला हरकत नाही, त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं.

पुडी म्हणजे ती कुणाच्या तरी गावाकडच्या माणसाकडून येणारी, लेबल नसलेली, दोन दिवसांत नाचायला लावणारी. इतक्या झटपट गुण आला तर आनंद नको, संशय घ्या, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडलेली आहेत. चेहरा गोल होतो, शुगर वाढते, आणि हाडं आतून पोकळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद पण करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर थांबलेलं असतं, डॉक्टरांना खरं सांगून हळूहळू कमी करावं लागतं.

आणि डी व्हिटॅमिनचं ६०,००० युनिटचं सॅशे. ते साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, असं देतात. लोक ते दुधातून रोज घेतात, किंवा कोर्स संपला तरी चांगलं वाटतंय म्हणून वर्षभर चालू ठेवतात. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वयस्कर माणूस बरळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं वयामुळे झालंय. थायरॉइडची गोळी घेत असाल तर कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा.

हात मोडला तेव्हा

पहिलं काम बांगड्या, पाटल्या, अंगठी काढणं. दवाखान्यात पोचल्यावर नाही, रिक्षात बसायच्या आधी. तासाभरात बोटं एवढी सुजतात की मग कटरने कापावं लागतं, आणि आपल्या आज्या-काकवा तरी "हात रिकामा नको" म्हणून अडून बसतात. त्यांना सांगा दुसऱ्या हातात घाला.

हाडवैद्याकडे जाऊ नका असं म्हटलं की लोकांना राग येतो, अमक्याचा बरा झाला म्हणतात. झाला असेल. पण एक्सरे न काढता बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या आणि रक्तपुरवठा तुटला तर हात जातो, आणि कोपराजवळच्या फ्रॅक्चरला तेल लावून चोळलं तर स्नायूतच हाड धरतं आणि कोपर कायमचा अडकतो.

प्लास्टर घातल्यावर हात गळ्यात लटकवून खाली सोडू नका, पहिले दोन-तीन दिवस उशीवर छातीच्या वर ठेवा. बोटं दिवसातून कितीतरी वेळा पूर्ण उघडा-मिटा आणि खांदा पण वर न्या. मनगटाचं हाड सहा आठवड्यांत जुळतं पण तोवर न हलवलेला खांदा आखडून बसतो आणि तो सुटायला कधी कधी वर्ष लागतं, माझ्या मते या सगळ्या यादीतली सगळ्यात फुकट ओढवून घेतलेली दुखणी हीच. आत खाज आली म्हणून विणायची सुई, पट्टी घालू नका. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं, बोटं बधिर, निळी किंवा गार पडली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. मिश्री, तंबाखू, सिगारेट असेल तर ती निदान हाड जुळेपर्यंत तरी ठेवा बाजूला, तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, पायाचं सूप कितीही प्या.

प्लास्टर निघालं की फाइल बंद

उभ्या उभ्या पडून हाड मोडलं तर तो नुसता अपघात नसतो, हाड बहुधा आधीच ठिसूळ झालेलं असतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात. मनगट ही पहिली सूचना, पुढची मणका किंवा खुबा. म्हणून प्लास्टर निघालं की हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल तुम्हीच विचारा, त्यातला टी स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. नुसत्या कॅल्शियमवर तेव्हा भागत नाही.

मग औषध चालू होतं आणि ते चुकीचं घेतलं जातं. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास चहा नाही, आडवं होणं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते आणि गोळी अंगाला लागतही नाही. डिनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन असेल तर तारीख चुकवू नका, ते मधेच सोडलं की हाडांची घनता झपाट्याने घसरते आणि मणके मोडू शकतात. बंद करायचं असेल तर बदली औषध विचारून मगच.

खुबा मोडल्यावर "आता या वयात कशाला"

पडल्यावर पाय आखूड दिसतोय आणि बाहेरच्या बाजूला वळलाय, टेकवत नाहीये, म्हणजे बहुधा खुबा. इथे नातेवाईक चार दिवस चर्चा करतात, मुंबईचा मुलगा येऊ दे, वय ऐंशी आहे, ऑपरेशन झेपेल का. झेपेल का हा प्रश्न बरोबर आहे पण दुसरी बाजू कुणी विचारत नाही, न करता पलंगावर ठेवलं तर न्यूमोनिया, बेडसोर, पायात रक्ताच्या गाठी. जमेल तिथे पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी उभं करणं हेच वयस्कर माणसाच्या फायद्याचं असतं.

घर आणि काठी

यात थोडक्यात. मोरीच्या गुळगुळीत लाद्या, सुटं पायपुसणं, रात्रीचा अंधार. कमोडशेजारी भिंतीत पकडायला दांडा बसवा, टॉवेलचा रॉड नव्हे, तो हातात येतो. बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, बरेच लोक चुकीच्या हातात धरतात, आणि हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळल्याशिवाय नको, फोड येईपर्यंत कळत नाही.

ऑपरेशनची घाई आणि ऑपरेशनची भीती

दोन्ही चुकतात. रात्री दुखण्याने झोप लागत नाही, व्यायाम, वजन, गोळ्या सगळं नीट करून झालं आणि तरी घरातल्या घरात चालता येत नाही, तेव्हा गुडघा बदलायचा विचार करायचा, फक्त एक्सरे बघून नाही. उलट दहा वर्षं ओढून पाय वाकडे करून, स्नायू घालवून मग गेलात तर निकालही तसाच लागतो. बदललेला गुडघा बहुतेकांचा पंधरा-वीस वर्षं चालतो, पण बहुतेकांना त्याच्यावर मांडी घालून किंवा उकिडवं बसता येत नाही, हे आधीच मान्य करून ठेवा म्हणजे नंतर भांडण नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळे बिलात इम्प्लांटची किंमत आणि कंपनीचं नाव वेगळं लिहून मागा आणि त्याचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर लावलेत का बघून घ्या. पुढे कधी परत ऑपरेशनची वेळ आली तर दुसरा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो.