बेदाणा, साखर, ज्वारी आणि हळद : अन्नातील रेणू कसे ओळखावेत

सजीवांच्या शरीरात पाण्याखालोखाल प्रथिने, मेद, कर्बोदके आणि न्यूक्लिक आम्ले हे महत्त्वाचे रेणू असतात. यांपैकी पहिले तीन शाळेच्या साध्या प्रयोगशाळेतही ओळखता येतात आणि त्यासाठी लागणारे नमुने सांगली जिल्ह्यात घरोघरी असतात. प्रत्येक चाचणीच्या वेळी शेजारी नुसत्या पाण्याची एक परीक्षानळी अवश्य ठेवावी, कारण तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय रंग खरोखर बदलला की नाही हे ठरवता येत नाही.

मेदाची परीक्षा सर्वांत सोपी आहे. शेंगदाणा कागदावर चिरडून कागद वाळू द्यावा. पाण्याचा डाग उडून जातो, तेलाचा पारभासक डाग राहतो.

स्टार्चसाठी चिमूटभर ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग त्यात पातळ केलेल्या आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. स्टार्चमधील अमायलोजच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकते व गडद निळा रंग येतो. द्रावण गरम असेल तर हा रंग टिकत नाही. हळदीत पिठाची भेसळ आहे का, हे पाहण्यासाठी मात्र ही चाचणी वापरू नये. हळकुंडात मुळातच भरपूर स्टार्च असल्यामुळे सांगलीची अस्सल हळददेखील आयोडीनने काळपट होते आणि प्रामाणिक व्यापाऱ्यावर विनाकारण आळ येतो.

शर्करेची चाचणी सावकाश करण्याजोगी आहे. तासगावकडचे चार-पाच बेदाणे धुऊन, ठेचून पाण्यात कालवावेत व गाळून घ्यावेत. हा अर्क आणि बेनेडिक्ट द्रावण (शर्करा ओळखण्याचे तांबेयुक्त निळे द्रावण) प्रत्येकी 2 मिलिलिटर घेऊन परीक्षानळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात 5 मिनिटे ठेवावी. निळे द्रावण आधी हिरवट, मग पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत जाते, कारण द्राक्षातील ग्लुकोज व फ्रुक्टोज तांब्याच्या आयनांचे क्षपण करून, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन, क्युप्रस ऑक्साइड तयार करतात.

हीच कृती शुद्ध साखरेच्या पाण्यावर केल्यास ते निळेच राहते, आणि याचे विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. साखर, म्हणजे सुक्रोज, याच दोन शर्करांपासून बनते. परंतु क्षपण करणारी त्यांची टोके परस्परांच्या जोडणीतच गुंतलेली असतात. ती जोडणी तोडण्यासाठी साखरेच्या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून ते काही मिनिटे उकळत्या पाण्यात तापवावे, थंड झाल्यावर फसफस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा आणि मग पुन्हा बेनेडिक्ट चाचणी करावी. आता विटकरी साका दिसतो. सोडा घालणे टाळू नये, कारण आम्ल शिल्लक राहिले तर ही चाचणी फसते.

प्रथिनांसाठी अंड्याचा पांढरा बलक पाण्यात मिसळून त्यात प्रथम कॉस्टिक सोड्याचे विरल द्रावण आणि नंतर मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) विरल द्रावणाचे दोनच थेंब घालावेत. जांभळा रंग येतो. मोरचूद जास्त झाल्यास त्याच्या निळाईत तो झाकला जातो. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी आणलेले मोरचूद द्राक्षबागायतदाराच्या घरी असतेच, परंतु प्रयोगासाठी प्रयोगशाळेतील शुद्ध मोरचूदच वापरावे. कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो, म्हणून तो शिक्षकांनीच, चष्मा व हातमोजे घालून हाताळावा. तपासलेला कोणताही नमुना खाऊ नये आणि तांबेयुक्त द्रावणे मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावीत.